मुलाच्या पिंडाशी भांडण नको

मूल असे का वागते, या प्रश्नाला आपल्याकडे दोन तयार उत्तरे आहेत आणि ती बरेचदा एकाच घरात ऐकू येतात. भिडस्त मुलगी पाहुण्यांसमोर आली नाही, की ‘ती जात्याच तशी, आजीवर गेली आहे’ असे म्हटले जाते. शेजारचा मुलगा हट्टाला पेटून जमिनीवर लोळला, की ‘आईबापांनी वळणच लावले नाही’ असा निकाल दिला जातो. पहिल्या उत्तरात कुणी काही करायचे शिल्लक राहत नाही. दुसऱ्यात सगळा दोष घरावर, आणि व्यवहारात बहुधा एकट्या आईवर येतो. गेल्या सत्तर वर्षांत मुलांच्या वाढीचा जो चिकाटीने अभ्यास झाला, त्याने ही दोन्ही उत्तरे अपुरी ठरवली आहेत. मूल एक पिंड घेऊन जन्माला येते, हे खरे. बालपणीचे अनुभव खोल खुणा ठेवतात, हेही खरे. पण त्या मुलाचे पुढे काय होते, हे मुख्यतः पिंड आणि भोवतालच्या माणसांच्या अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही यावर ठरते. पिंड बदलणे मुलाच्या हातात नसते, अपेक्षा बदलणे मात्र मोठ्यांच्या हातात असते. म्हणून मेळ घालण्याची जबाबदारी मोठ्यांची आहे, आणि ती आपली घरे आणि शाळा आज पार पाडत नाहीत, असे माझे म्हणणे आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मानसशास्त्रात वळणाची बाजू इतकी जड होती की दुसरी बाजू असू शकते हेच विसरले गेले होते. अमेरिकेचे जॉन वॉटसन १९२०च्या दशकात छातीठोकपणे सांगत होते, की निरोगी तान्ही बाळे माझ्या स्वाधीन करा, त्यांतल्या हव्या त्या बाळाला मी डॉक्टर, वकील किंवा चोर बनवून दाखवतो. फ्रॉइडच्या अनुयायांची भाषा वेगळी होती, पण मुलाच्या प्रत्येक अडचणीचे मूळ तेही आईच्या वागण्यात शोधत. हा विचार किती क्रूर होऊ शकतो, याचे उदाहरण स्वमग्न मुलांच्या आयांनी भोगले. तुमच्या थंड वागण्यामुळे मूल असे झाले, हे त्यांना तज्ज्ञांकडून ऐकावे लागले, आणि तो आरोप निखालस खोटा होता हे मान्य व्हायला काही दशके गेली. या वातावरणात न्यूयॉर्कमधील स्टेला चेस आणि अलेक्झांडर थॉमस या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याला एक साधी गोष्ट खटकत होती. त्यांच्याकडे येणाऱ्या त्रस्त मुलांचे आईबाप बरेचदा चांगले, समंजस असत, आणि उलट विस्कटलेल्या घरांतली काही मुले व्यवस्थित वाढत. तेव्हा १९५६ मध्ये त्यांनी तान्ह्या बाळांपासून सुरुवात करून १३३ मुलांचा माग ठेवायला घेतला आणि ती मुले प्रौढ होईपर्यंत सोडला नाही. बाळ नव्या चवीचा घास कसे घेते, अंघोळीच्या पाण्यात काय करते, भूक आणि झोप ठरल्या वेळी लागते की नाही, रडते ते किती जोरात, मन रमवले तर रमते का, असे रोजचे तपशील त्यांनी आईवडिलांकडून बारकाईने टिपले. त्यातून साधारण ४० टक्के मुले सोप्या पिंडाची, १० टक्के अवघड पिंडाची आणि १५ टक्के हळूहळू रुळणारी दिसली. उरलेली कोणत्याच कप्प्यात नीट बसत नव्हती.

अवघड पिंड म्हणजे काय, तर भुकेचा-झोपेचा नेम नाही, नव्याला पहिला प्रतिसाद नकाराचा, आणि आनंद असो वा राग, तो टिपेचा. या गटातल्या सुमारे ७० टक्के मुलांना बालपणी वागणुकीच्या अडचणी आल्या, तर सोप्या गटातल्या १८ टक्क्यांना. पिंडाचे महत्त्व सिद्ध करायला हा आकडा पुरेसा आहे. पण मला महत्त्वाची वाटतात ती उरलेली ३० टक्के. अवघड पिंड असूनही ती का अडखळली नाहीत? त्यांतल्या एका मुलाची हकीगत थॉमस आणि चेस यांनी कार्ल या टोपणनावाने लिहून ठेवली आहे. पहिल्या काही महिन्यांपासून पाच वर्षांचा होईपर्यंत कार्ल या अभ्यासातल्या सर्वांत अवघड मुलांपैकी एक होता. पहिली अंघोळ, पहिला घन आहार, बालवाडीचा पहिला दिवस, सगळ्याला त्याचे उत्तर म्हणजे किंकाळ्या आणि लाथा. त्याचे वडील स्वतः शांत पिंडाचे होते. त्यांनी मुलाच्या त्या जोरकसपणाचे कौतुक केले. मुलाला नव्याशी जुळवून घ्यायला वेळ लागतो, आणि तो वेळ दिला की तो जुळवून घेतो, हे त्यांनी ओळखले होते. त्यांनी ना त्याला दडपले, ना नव्या गोष्टी टाळल्या. कार्ल नीट वाढला. पुढे महाविद्यालयात गेल्यावर गाव, सोबती, अभ्यास सगळेच एकदम नवे झाले आणि त्याचा जुना स्वभाव उसळून आला. तेव्हा हे आपल्या पिंडाचे आहे एवढे समजल्यावर त्याला स्वतःलाच वाट सापडली. त्याचा पिंड गेला नव्हता, पण त्याचे दुखणे झाले नाही.

याच दांपत्याने न्यूयॉर्कमधल्या प्वेर्तो रिकन श्रमिक कुटुंबांतल्या मुलांचाही अभ्यास केला, आणि तिथे जे दिसले ते पांढरपेशा पालकांनी अवश्य विचारात घ्यावे. झोपेचा नेम नसलेले मूल मध्यमवर्गीय अमेरिकन घरात संकट ठरत होते, कारण तिथे ठरल्या वेळी झोपणे हा नियम होता. प्वेर्तो रिकन घरांत मूल दमले की झोपे, त्यावरून कुणी वाद घालत नसे. त्यामुळे तोच गुण तिथे अडचण म्हणून दिसतच नव्हता. शाळा सुरू झाली, सकाळी ठरल्या वेळी उठणे आले, आणि तेव्हा कुठे त्या मुलांच्या घरी कुरबुरी सुरू झाल्या. गुण तोच, मूल तेच, बदलली ती मागणी.

पिंड खरोखर जन्मजात असतो का, अशी शंका इथे घेता येईल. थॉमस आणि चेस यांची माहिती पालकांच्या सांगण्यावर उभी होती आणि थकलेली आई बाळाला अवघड म्हणण्याची शक्यता असतेच. हा आक्षेप सर्वांत कडकपणे घेणाऱ्यांपैकी एक होते हार्वर्डचे जेरोम केगन. म्हणून त्यांनी पालकांना विचारण्याऐवजी बाळांनाच प्रयोगशाळेत पाहिले. चार महिन्यांच्या बाळासमोर रंगीत खेळणी हलवायची, अनोळखी आवाजातली वाक्ये ऐकवायची, अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा नाकाशी धरायचा. यात वेदना काहीच नाही, फक्त नवेपणा आहे. सुमारे २० टक्के बाळे हातपाय झाडू लागली, पाठीची कमान करून रडू लागली. सुमारे ४० टक्के निवांत पाहत राहिली. पहिल्या गटातली बाळे दुसऱ्या वर्षी अनोळखी माणसांसमोर बुजण्याची शक्यता जास्त होती. केगन यांच्या गटातलेच कार्ल श्वार्त्झ यांनी २००३ मध्ये दाखवले, की दुसऱ्या वर्षी बुजरी म्हणून नोंदलेली माणसे विशीत आली तरी नवे चेहरे पाहताना त्यांच्या मेंदूतला अमिग्डला हा भाग इतरांपेक्षा जास्त चेततो. म्हणजे ‘मोठे झाल्यावर आपोआप धीट होईल’ ही आशा निम्मीच खरी आहे. पण केगन यांचा दुसरा निष्कर्ष फारसा सांगितला जात नाही. हातपाय झाडणाऱ्या बाळांपैकी फार थोडी पुढे अगदी बिनधास्त झाली, हे खरे. पण त्यांतली बहुसंख्य घाबरटही राहिली नाहीत. ती मधे कुठेतरी, सर्वसाधारण मुलांसारखी झाली. पिंड पाहून मूल पुढे काय होणार नाही हे बरेचसे सांगता येते, काय होईल हे फारसे सांगता येत नाही, असे केगन मानत. मला हे फार मोलाचे वाटते, कारण आपण पाळण्यातल्या पायांवरून नेमके उलटे, काय होईल तेच सांगायला धावतो.

आता जुळ्यांच्या अभ्यासाकडे येऊ, कारण ‘सगळे रक्तात असते’ म्हणणाऱ्यांचा सर्वांत भक्कम आधार तोच आहे. मिनेसोटा विद्यापीठात टॉमस बुशार्ड यांनी १९७९ पासून जन्मतः वेगळ्या घरांत वाढलेली एकबीज जुळी शोधून तपासली, आणि त्यांची व्यक्तिमत्त्वे थक्क करणारी सारखी निघाली. २०१५ मध्ये अर्धशतकातले जुळ्यांवरचे २,७४८ शोधनिबंध आणि सुमारे १ कोटी ४५ लाख जोड्यांची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा सर्व मानवी गुणांमागचा आनुवंशिकतेचा सरासरी वाटा ४९ टक्के भरला. आकडा पक्का आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. मात्र तो काय सांगतो ते नीट समजून घ्यायला हवे. माणसामाणसांत जे फरक दिसतात त्यांतले निम्मे फरक जनुकांतल्या फरकांशी निगडित आहेत, एवढेच तो सांगतो. अमुक मुलाचा निम्मा स्वभाव ठरूनच आला आहे, असे तो म्हणत नाही. उंचीत आनुवंशिकतेचा वाटा ८० टक्क्यांच्या आसपास आहे. तरीही नेदरलँड्समधल्या पुरुषांची सरासरी उंची गेल्या दीडशे वर्षांत जवळपास २० सेंटिमीटरने वाढली. जनुके तीच होती, खाणे आणि आरोग्य सुधारले. शिवाय जनुकांचा परिणाम मुलाच्या भोवतालच्या माणसांतूनही फिरून येतो. हसरे बाळ सगळ्यांना हवेसे वाटते, त्याच्याशी चार माणसे बोलतात. किरकिऱ्याला खाली ठेवले जाते. दोन वर्षांनी त्या दोघांच्या बोलण्यात फरक पडला, तर तो जनुकांचा म्हणायचा की माणसांचा? आकडेमोडीत तो जनुकांच्या खात्यावर जमा होतो, पण तो बदलायचा झाला तर उपाय माणसांच्या हाती आहे.

एकेक जनुक पकडून स्वभावाचा उगम सांगण्याचा प्रयत्नही झाला, आणि तो फसला. २००३ मध्ये न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरातल्या मुलांच्या अभ्यासातून असे मांडले गेले, की सेरोटोनिनशी संबंधित एका जनुकाचे विशिष्ट रूप असेल तर आयुष्यातल्या आघातांनी नैराश्य येण्याचा धोका वाढतो. निष्कर्ष गाजला, पाठ्यपुस्तकांत गेला. पुढे फार मोठ्या संख्येवर तपासल्यावर तो टिकला नाही. स्वभावामागे हजारो जनुकांचे सूक्ष्म परिणाम असतात. तेव्हा गालातली लाळ घेऊन मुलाचा स्वभाव आणि करिअर सांगणाऱ्या चाचण्या आज पालकांना विकल्या जातात, त्यांवर पैसे खर्च करू नका.

याहून कठीण आक्षेप दुसरीकडून येतो. जुळ्यांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे: एकाच घरात वाढल्यामुळे भावंडांच्या स्वभावात जवळपास काहीच साम्य येत नाही. जे साम्य असते ते रक्ताचे. १९८७ मध्ये रॉबर्ट प्लोमिन आणि डेनिस डॅनियल्स यांनी हे ठळकपणे मांडले. १९९८ मध्ये ज्युडिथ रिच हॅरिस यांनी त्यावर पुस्तक लिहून पालकांचा स्वभावावरचा प्रभाव ही बव्हंशी समजूत आहे आणि मुलांना घडवतात ते सवंगडी, असे प्रतिपादन केले. मग पालकांनी मेळ घालायचा तरी कशाला? माझ्या मते हा पुरावा संस्कारांच्या जुन्या कल्पनेला धक्का देतो, मेळाच्या कल्पनेला नाही. एका घरातली शिस्त सगळ्या मुलांना सारखी घडवत असती तर भावंडे सारखी निघाली असती. ती निघत नाहीत, कारण तीच शिस्त एका मुलाला आधार वाटते आणि दुसऱ्याला जाच. वडिलांचा चढलेला आवाज थोरल्याच्या कानावरूनही जात नाही, धाकटी मात्र रात्रभर झोपत नाही. घर एक असले तरी त्यात वाढणारी बालपणे दोन असतात. मात्र एक मान्य केले पाहिजे. भावंडांतला हा फरक नेमका कोणत्या अनुभवांनी पडतो, हे शोधताना हाती आलेली कारणे लहानलहान आहेत, आणि त्यात योगायोगाचा भागही मोठा असावा. म्हणून अमुक केले की मूल तमुक होईल, असे वचन कुणीही देऊ नये. पालकांच्या हातात मुलाचे व्यक्तिमत्त्व नसले, तरी त्या मुलाचे रोजचे सुखदुःख आहे, आणि तेही थोडे नाही.

हे सगळे साधारण बऱ्या घरांबद्दल झाले. जिथे माणूसच मिळत नाही, तिथे पिंडाच्या बारीकसारीक फरकांना बोलायला जागा उरत नाही. रुमानियात चाउसेस्कूच्या राजवटीने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी घातली, आणि १९८९ मध्ये ती राजवट कोसळली तेव्हा लाखाहून अधिक मुले सरकारी संस्थांत पडून होती. पोट भरत होते, पण त्यांच्याकडे पाहून हसणारे, रडल्यावर उचलणारे एकही ठरलेले माणूस नव्हते. बुखारेस्टमध्ये चार्ल्स नेल्सन, नॅथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी अशा १३६ बाळांचा अभ्यास केला; त्यांतल्या निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून पालक-कुटुंबांत ठेवले गेले. कुटुंबांत गेलेली मुले सावरली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेली जास्त सावरली. याच संस्थांतून ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा मायकेल रटर यांनी माग ठेवला. सहा महिन्यांच्या आत बाहेर पडलेली बहुतेक मुले पुढे इतरांसारखीच झाली. त्याहून जास्त काळ राहिलेल्यांपैकी अनेकांच्या अडचणी प्रौढपणीही सुटल्या नाहीत, तरी त्यांतलीही सुमारे एक पंचमांश मुले मोठेपणी धडधाकट मनाची निघाली. दोन्ही गोष्टी एकदम डोळ्यांसमोर ठेवाव्या लागतात. आपल्याकडे याची आठवण दर दिवाळीच्या सुमारास व्हायला हवी. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली लाखो माणसे तेव्हा ऊसतोडीला बाहेर पडतात आणि त्यांची लहान मुले एक तर फडावर पाचटात वाढतात, नाही तर थकलेल्या आजीआजोबांकडे मागे राहतात. ही मुले रुमानियातल्या मुलांसारखी निराधार नाहीत, त्यांना जीव लावणारी माणसे आहेत. पण त्या माणसांना मुलाजवळ बसायला उसंत नाही, आणि ती मिळवून देणे हे सरकारचे आणि साखर कारखान्यांचे काम आहे. त्या आईला संस्कारांचे व्याख्यान देणे अन्यायाचे आहे.

मेळ घालायचा तो कशाशी, हे समाजावरही अवलंबून असते. शांघायमध्ये शिनयिन चेन यांनी शाळकरी मुलांचा अभ्यास केला. १९९० मध्ये तिथे लाजरी, अबोल मुले वर्गात लोकप्रिय होती, शिक्षकांची लाडकी होती. २००२ पर्यंत बाजारपेठ आली, स्पर्धा आली, पुढे होऊन बोलणाऱ्याची किंमत वाढली. आता तीच लाजरी मुले एकटी पडत होती, खिन्न होत होती. अवघ्या बारा वर्षांत मुलांचे पिंड काही बदलले नाहीत. अमेरिकेतले लाजरे मुलगे मोठेपणी उशिरा लग्न करत आणि नोकरीतही मागे पडत, असे एका जुन्या अभ्यासात दिसले होते. स्वीडनमध्ये लग्ने उशिरा झाली, पण नोकरीत काहीही बिघडले नाही, कारण तिथे कमी बोलणे हा दोष मानला जात नव्हता.

शांघायमध्ये घडले तेच महाराष्ट्राच्या शहरांत गेल्या दोन-तीन दशकांत घडले आहे, असे मला ठामपणे वाटते. एके काळी आपला आदर्श होता तो हाताची घडी तोंडावर बोट ठेवणारा मुलगा. चळवळ्या, प्रश्न विचारणारा, जागेवर न बसणारा मुलगा तेव्हा व्रात्य ठरला आणि त्याने मार खाल्ला. आज आदर्श उलटला. आता मूल ‘स्मार्ट’ हवे, मंचावर न अडखळता बोलणारे हवे, पाहुण्यांना कविता म्हणून दाखवणारे हवे, टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत परीक्षकांना टोला हाणणारे हवे. स्नेहसंमेलनात मागच्या रांगेत उभ्या राहिलेल्या मुलीचे आईवडील घरी आल्यावर तिच्याशी नीट बोलत नाहीत. सुटीत तिला व्यक्तिमत्त्व विकास शिबिराला घातले जाते, जणू तिला आत्ता व्यक्तिमत्त्वच नाही. काल चळवळ्या मुलावर अन्याय झाला, आज अबोल मुलीवर होतो आहे. चळवळ्याचीही सुटका झालेली नाही, कारण वर्गातले बाक आणि चाळीस मिनिटांचे तास अजून जुन्याच आदर्शाने आखलेले आहेत.

मुलाच्या पिंडाप्रमाणे वागायचे तर मूल शेफारेल, जग काही त्याच्यासाठी बदलणार नाही, असे यावर अनेकजण म्हणतील. काळजी रास्त आहे. पण मेळ म्हणजे लाड असा अर्थ घेतला तरच ती लागू पडते, आणि पुरावा त्या अर्थाच्या विरुद्ध आहे. केगन यांच्या सहकारी डोरीन आर्कस यांनी बुजऱ्या होऊ शकणाऱ्या बाळांची घरे पाहिली. बाळ रडले की लगेच उचलणाऱ्या, त्याला प्रत्येक नव्यापासून वाचवणाऱ्या आयांची बाळे जास्त बुजरी झाली. ज्या आयांनी प्रेमाने पण ठामपणे मर्यादा घातल्या आणि लहानसहान गैरसोय सोसू दिली, त्यांची बाळे कमी बुजली. म्हणजे भित्र्या मुलाला नव्यासमोर न्यायचेच आहे; पण हात धरून, थोडे थोडे, आणि चारचौघांत ‘बघा, कशी लाजते’ असे न म्हणता. दणकट, बेफिकीर पिंडाच्या मुलाला याच्या उलट, स्पष्ट नियम आणि अंग मोडून खेळायला मैदान लागते. दोघांनाही सभ्यपणा, अभ्यास, खरे बोलणे शिकवायचे आहेच. मुक्काम सारखा ठेवून वाट वेगळी करायला सांगणे, याला लाड म्हणत नाहीत. डनेडिनच्या अभ्यासात १,०३७ मुलांच्या बाबतीत दिसले, की लहानपणी स्वतःवर ताबा कमी असलेल्या मुलांना बत्तिसाव्या वर्षी आरोग्य, पैसा आणि कायदा तिन्हीच्या अडचणी जास्त आल्या. अशा मुलाला वाऱ्यावर सोडा असे कोण म्हणेल? पण ताबा मार देऊन येत नाही, हे आपण तीन पिढ्या मार देऊन पाहिले आहे.

आणखी एक भीती मला स्वतःला वाटते. ‘अवघड मूल’, ‘बुजरे मूल’ हे शब्द एकदा हाती आले की ते शिक्का बनतात, आणि मुले शिक्क्याप्रमाणे वागू लागतात. थॉमस आणि चेस यांच्या अभ्यासात एक तृतीयांशाहून अधिक मुले कोणत्याच कप्प्यात बसली नव्हती, हे म्हणूनच लक्षात ठेवावे. शब्द मोठ्यांनी आपल्या वागण्यासाठी वापरावेत, मुलाच्या तोंडावर कधीही नाही. प्रगतिपुस्तकात तर मुळीच नाही.

हे सारे परदेशातून आणायची गरज आहे असेही नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढले, ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केले, पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर ते वाढवले. वारली मुले शाळेत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढल्या. मागणी मुलाच्या जगण्याशी जुळवून घेण्याचा हा धडा महाराष्ट्रातच गिरवला गेला आहे. त्या अंगणवाडीचे नाव पुढे १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने देशभर नेले. नावाबरोबर मुलाला निरखण्याची ती रीत मात्र तेवढ्या निष्ठेने गेली नाही. आज अंगणवाडी सेविकेकडे पोषण आहार, वजनाच्या नोंदी, लसीकरण, सर्वेक्षण आणि मोबाइलवरची माहिती भरणे एवढे सगळे आहे. एका सेविकेने आणि एका मदतनिसाने हे सांभाळून कोणते मूल घास उशिरा घेते आणि कोणते कोपऱ्यात बसते, हे कधी पाहायचे?

आणि पाहिल्याने फरक पडतो, याला पुरावा आहे. नेदरलँड्समध्ये डिम्फना व्हॅन डेन बोम यांनी गरीब घरांतल्या १०० किरकिऱ्या बाळांच्या आयांसह प्रयोग केला. निम्म्या आयांना बाळ सहा ते नऊ महिन्यांचे असताना घरी जाऊन फक्त काही वेळा भेटले गेले आणि एवढेच शिकवले गेले, की या बाळाच्या खाणाखुणा कशा वाचायच्या आणि त्याला कसे शांत करायचे. वर्षाचे होईपर्यंत या आयांशी निश्चिंत नाते जडलेल्या बाळांचे प्रमाण दुसऱ्या गटाच्या दुपटीहून जास्त निघाले. श्रीमंती लागली नाही, पदवी लागली नाही. कुणीतरी घरी येऊन त्या आईला तुझे बाळ वाईट नाही आणि तूही वाईट नाहीस, एवढे कृतीने दाखवले.

आपल्याकडे गावोगावी आशा सेविका तान्ह्या बाळाच्या घरी आधीपासूनच जातात. त्यांच्या आणि अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणात बाळाचा पिंड ओळखण्याचे काही दिवस घालावेत, आणि त्या कामासाठी त्यांच्यावरचा नोंदींचा बोजा कमी करून मानधन वाढवावे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ २०१० पासून बेकायदा आहे. सर्वांसमोर अबोल मुलाला ‘मुका’ म्हणणे हा मानसिक छळच आहे, असे मुख्याध्यापकांनी शिक्षकांना स्पष्ट सांगावे. तोंडी परीक्षेत वर्गासमोर उभे राहण्याऐवजी शिक्षकाजवळ बसून उत्तर देण्याची मुभा ठेवायला शासन निर्णयाचीही गरज नाही. पालकांनी एवढेच करावे: पुढच्या पालकसभेत ‘आमचे मूल कितवे आले’ याच्या आधी ‘आमचे मूल वर्गात कसे असते’ असे विचारा, आणि शिक्षकाला उत्तर देता आले नाही तर त्याच्यावर न चिडता, त्याच्या वर्गात किती मुले आहेत ते संस्थाचालकांना विचारा.